बोटे बधिर होतात, पण ऊब आधी छातीला द्या

पत्र : मी रोज पहाटे साडेचारला घर सोडते आणि महामार्गावरून मोटारसायकलने तासाभराचे अंतर कापून पहिल्या पाळीला पोहोचते. हिवाळ्यात पारा ५ अंशांपर्यंत उतरतो. दोन स्वेटर, त्यावर जॅकेट आणि जाड हातमोजे घालूनही अर्ध्या वाटेत बोटे बधिर होतात, कधीकधी तर पांढरीफटक पडतात. गेल्या आठवड्यात पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक लावला, तेव्हा माझी बोटे लिव्हरवर आहेत की नाहीत हेच मला समजले नाही. विजेवर तापणारे हातमोजे घ्यावेत की जॅकेट? स्वतःची बॅटरी असलेले घ्यावेत की गाडीला जोडायचे? माझी गाडी एका सिलिंडरची असून पुस्तिकेत वीज तयार करणारा अल्टरनेटर २३० वॅटचा असल्याचे लिहिले आहे. मी पुढे दोन जादा दिवेही बसवले आहेत. मेकॅनिक म्हणतात, हेडलाइटच्या वायरवरूनच कनेक्शन काढून देतो. घरचे म्हणतात, गाडीच सोड. मला गाडी सोडायची नाही.

उत्तर : तुम्ही सर्वांत शेवटी विचारायला हवा होता तो प्रश्न जॅकेट की हातमोजे हा आहे, सर्वांत आधी पाहायला हवे ते ट्रकच्या मागे घडलेल्या प्रसंगाकडे. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते, म्हणजे बधिर बोटांनी लिव्हर शोधण्यात एक सेकंद गेला तर ब्रेक लागण्यापूर्वीच एवढे अंतर संपलेले असते. बोटांच्या त्वचेचे तापमान साधारण १५ अंशांच्या खाली उतरले की त्यांची चपळाई आणि स्पर्शाची जाण झपाट्याने कमी होते, आणि हे चालवणाऱ्याला बऱ्याचदा उशिरा कळते, कारण दुखणे थांबले की हात सावरले असे वाटते. म्हणून पुढे सांगतो ती सगळी तयारी होईपर्यंत वेग कमी ठेवा, पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा बरेच जास्त अंतर ठेवा आणि अर्ध्या वाटेत थांबून हात काखेत धरून गरम करा. पाळीला दहा मिनिटे उशीर झाला तरी चालेल. या बाबतीत तुमच्या वरिष्ठांशी आधीच बोलून ठेवा.

आता बोटांविषयी. बोटे गार पडतात ती केवळ त्यांना वारा लागतो म्हणून नव्हे. शरीराची पहिली काळजी हृदय, फुफ्फुसे आणि मेंदू यांना ३७ अंशांच्या आसपास ठेवण्याची असते, आणि छाती-पोटाकडची उष्णता कमी होऊ लागली की ते हातापायांच्या त्वचेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचित करून तिकडचे रक्त आत राखून ठेवते. बोटांना ऊब पोहोचवणारे मुख्य साधन रक्त हेच आहे. ते येणेच कमी झाले तर जाड हातमोजाही निरुपयोगी ठरतो, कारण हातमोजा ऊब तयार करत नाही, असलेली टिकवतो. याउलट धड चांगले गरम असेल तर शरीराजवळ उष्णता शिलकीत राहते, रक्तवाहिन्या सैल होतात आणि साध्या हातमोज्यातली बोटेही बराच काळ कामाची राहतात. म्हणून एकच वस्तू घेण्याइतकी ऐपत किंवा वीज असेल तर मी नेहमी धड तापवणारी वस्तू आधी सुचवतो. हातमोजे दुसऱ्या क्रमांकावर येतात.

तुमच्या पत्रातील एका शब्दापाशी मात्र मी थांबलो, आणि तो शब्द म्हणजे ‘पांढरीफटक’. थंडीत बोटे गार होणे, लाल होणे सर्वांनाच होते. बोटांची टोके स्पष्ट सीमारेषा दिसावी इतकी पांढरी पडत असतील, मग निळसर होत असतील आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन ठणकत असतील, तर तो रेनॉड नावाचा विकार असू शकतो. अनेकांत तो निरुपद्रवी असतो, पण काहींत तो सांध्यांच्या किंवा त्वचेच्या दुसऱ्या आजाराची खूण असतो, काही औषधांनी वाढतो, आणि यंत्राच्या सततच्या कंपनांनीही जडतो. खरेदीआधी डॉक्टरांना एकदा हात दाखवा आणि बोटे पांढरी पडलेली असताना मोबाइलवर फोटो काढून तो सोबत न्या, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत रंग पूर्ववत झालेला असतो. तुम्हाला मधुमेह असेल, हातापायांची संवेदना कमी असेल किंवा शरीरात पेसमेकर असेल, तर तापणारे कपडे वापरण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे अत्यावश्यक आहे.

विजेकडे वळण्यापूर्वी वाऱ्याचा बंदोबस्त करायला हवा. हवेचे तापमान ५ अंश असताना ताशी ८० किलोमीटरचा वारा उघड्या त्वचेला उणे ३ अंशांच्या थंडीसारखा जाणवतो. अर्थात हा हिशेब उघड्या त्वचेचा आहे. वारा न शिरणारे बाह्य वस्त्र अंगावर असेल तर आतल्या शरीराला त्या वाऱ्याची झळ फारशी लागत नाही. तुम्ही दोन स्वेटर घालता. स्वेटरची ऊब त्याच्या विणीत अडकून राहिलेल्या स्थिर हवेमुळे असते, आणि जॅकेटच्या चेनमधून, मानेपाशी किंवा मनगटापाशी वारा आत शिरला की ती हवा स्थिर राहत नाही. मग दोन काय आणि तीन काय, स्वेटर वाढवून फरक पडत नाही, उलट खांदे आखडतात आणि मान वळवून मागे पाहणे अवघड होते. मानेभोवती घट्ट बसणारे गळाबंद, चेनच्या मागे झडप असलेले वारारोधक जॅकेट आणि जॅकेटची बाही हातमोज्याच्या आत किंवा हातमोज्याचे मनगट बाहीच्या आत व्यवस्थित बसणे, या तीन गोष्टींनी पडणारा फरक पहिल्याच दिवशी जाणवेल. हँडलवर हातांपुढे बसणारी ढाल किंवा हँडलला बांधायची मोठी पिशवीसारखी आवरणे दिसायला बेढब असतात, पण ती हाताच्या पाठीवरचा वारा अडवतात आणि त्यांना एक वॅटही वीज लागत नाही. आवरणे बसवलीत तर त्यांतून हात सहज बाहेर निघतो आणि ती लिव्हरवर दाबत नाहीत, एवढे मात्र आधी उभ्या गाडीवर तपासा.

तापणारे वस्त्र या सगळ्याच्या आत घालायचे असते. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ, पूर्ण बाह्यांचा थर. त्यावर अंगासरशी बसणारे तापणारे बंडी किंवा जॅकेट. त्यावर एक स्वेटर. आणि सर्वांत बाहेर वारारोधक, संरक्षक जॅकेट, असा क्रम ठेवा. अनेकजण स्वेटरवर तापणारी बंडी घालतात आणि ऊब लागत नाही अशी तक्रार करतात. त्यांची बंडी स्वेटरची बाहेरची बाजू तापवत असते. सुती बनियन या दिवसांत टाळा, कारण सूत घाम धरून ठेवते आणि ओले सूत अंगाला चिकटून गारवा देते.

आता तुमच्या २३० वॅटचा हिशेब करू, कारण निर्णय त्यावरच अवलंबून आहे. हा आकडा इंजिन चांगल्या वेगाने फिरत असतानाचा असतो. गाडी जागेवर चालू असताना अल्टरनेटर त्याच्या निम्मीही वीज देईल असे गृहीत धरू नका. हॅलोजन हेडलाइट असेल तर तो ५५ ते ६० वॅट घेतो. मागचा दिवा, मीटर आणि इतर बारीकसारीक गोष्टींचे १० वॅट धरा. इंधनाचा पंप, इंजेक्टर, प्रज्वलन आणि संगणक मिळून साधारण ७० ते ८० वॅट धरणे सुरक्षित आहे. म्हणजे १३५ ते १५० वॅट गाडीला स्वतःलाच लागतात. जादा दिव्यांचे वॅट तुम्ही लिहिलेले नाहीत. प्रत्येकी २० धरले तर आणखी ४० गेले, आणि हातात उरले ४० ते ५५ वॅट. अंधारात महामार्गावर ते दिवे बंद करा, असे मी सांगणार नाही. गाडीला जोडायचे पूर्ण बाह्यांचे तापणारे जॅकेट पूर्ण क्षमतेवर साधारण ७५ ते ९० वॅट खाते. ते तुमच्या गाडीला झेपणार नाही. बिनबाह्यांची बंडी ४० ते ५० वॅटमध्ये भागते आणि हातमोज्यांच्या जोडीला सुमारे २५ वॅट लागतात. ही दोन्ही पूर्ण क्षमतेवर एकदम चालवली तर हिशेब तुटेल, पण ऊब कमी-जास्त करणारा नियंत्रक निम्म्यावर ठेवला तर सरासरी खर्च ३५ ते ४० वॅटवर येतो आणि गाडी धावत असताना तो कसाबसा बसतो. हेडलाइट मुळातच एलईडी असेल तर तुमच्याकडे यापेक्षा बरीच मोकळीक आहे.

कागदावरचा हिशेब प्रत्यक्ष गाडीवर तपासून घ्यायचा असतो आणि त्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर बंद असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे. मग इंजिन चालू करून, हेडलाइट, जादा दिवे आणि तापणारे कपडे सगळे लावून, इंजिनाचे फेरे मिनिटाला ४,०००च्या आसपास ठेवा आणि पुन्हा बॅटरीच्याच टोकांवर व्होल्ट मोजा. १३.५ किंवा अधिक असतील तर निश्चिंत राहा. १३च्या आसपास घुटमळत असतील तर शिल्लक काहीच नाही. १२.८च्या खाली घसरत असतील तर तुमचे कपडे बॅटरीतली साठवलेली वीज खात आहेत, आणि त्याची किंमत एखाद्या पहाटे स्टार्टर न फिरल्यावर मोजावी लागेल. लांब सिग्नलला किंवा वाहतूक कोंडीत थांबलात की नियंत्रक सर्वांत खाली आणण्याची सवय लावून घ्या.

स्वतःची बॅटरी असलेल्या कपड्यांचा विचार अनेकांच्या मनात प्रथम येतो, कारण त्यांत वायरिंगची कटकट नसते. त्यांतल्या बऱ्याच बॅटऱ्या ७.४ व्होल्टच्या लिथियम-आयनच्या असतात, आणि बंडीसाठीची ५ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे सुमारे ३७ वॅट-तासांचा साठा. १५ वॅटवर तो अडीच तासांच्या आसपास पुरेल, पण १५ वॅट ऊब महामार्गावरच्या वाऱ्यात माफकच वाटते आणि थंडीत बॅटरीची क्षमता आणखी घटते. शिवाय हातमोज्यांच्या दोन आणि बंडीची एक अशा तीन बॅटऱ्या रोज दोन्ही टोकांना चार्ज करणे आले, आणि मनगटावर बॅटरीचे वजन आले. दुचाकीवरून उतरून तासन्तास उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी किंवा अधूनमधून चालवणाऱ्यांसाठी हा पर्याय उत्तम आहे. तुम्ही मात्र रोज जाता, उतरून थेट आत शिरता, आणि तुमच्या गाडीत बंडी-हातमोज्यांपुरती वीज आहे. तेव्हा तुमच्यासाठी माझे मत गाडीला जोडायच्या १२ व्होल्टच्या कपड्यांच्या बाजूने आहे. हिशेब जमलाच नाही तर बंडी गाडीवर आणि हातमोजे त्यांच्या बॅटरीवर, हा मधला मार्ग शिल्लक राहतो. लिथियम बॅटरी शून्य अंशाखालील थंडीत कधीही चार्ज करू नका आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका.

हेडलाइटच्या वायरवरून कनेक्शन काढायला मेकॅनिकना ठामपणे नाही म्हणा. ती वायर, तिचा स्विच आणि तिचा फ्यूज हे हेडलाइटला लागणाऱ्या विजेसाठीच निवडलेले असतात. त्यावर आणखी ५-६ अँपिअर लादले तर एकतर वायर आणि कनेक्टर तापून वितळू लागतील किंवा फ्यूज जाईल, आणि तुमच्या बाबतीत फ्यूज जाणे म्हणजे काळोख्या महामार्गावर हेडलाइट एकाएकी विझणे. गाडीवरच्या मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटलाही बंडी जोडू नका. तो बहुधा एवढ्या भारासाठी नसतो. योग्य जोडणी अशी असते : बॅटरीच्या धन टोकापासून स्वतंत्र जाड वायर, त्या टोकाच्या शक्य तितक्या जवळ फ्यूज, मध्ये इग्निशनवर चालणारा रिले नावाचा स्विच, म्हणजे किल्ली काढली की वीज आपोआप तुटेल, आणि वायरचे दुसरे टोक सीट व टाकी यांच्या मधल्या फटीतून मांडीपाशी बाहेर. फ्यूज कपड्यांना नव्हे, वायरला जपण्यासाठी असतो, म्हणून तो बॅटरीजवळच हवा. सीटच्या दुसऱ्या टोकाला लावला तर मधली सगळी वायर असुरक्षित राहते. बंडी आणि हातमोज्यांच्या भाराला साधारण १० अँपिअरचा फ्यूज आणि १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरेशी आहे, पण कपड्यांसोबत निर्मात्याने फ्यूजसकट वायर दिली असेल तर तीच वापरा आणि फ्यूजचा आकडा मनाने वाढवू नका. अंगावरच्या वायरचा गाडीशी होणारा जोड साधा, ओढला की सुटणारा असावा. तो टेपने गुंडाळून पक्का करण्याचा मोह टाळा, कारण पडण्याच्या क्षणी तुम्ही आणि गाडी वेगवेगळ्या दिशांना जाऊ शकलेच पाहिजे.

बिनबाह्यांच्या बंडीची एक अडचण दुकानात कोणी सांगत नाही. पूर्ण बाह्यांच्या तापणाऱ्या जॅकेटमध्ये हातमोज्यांच्या वायरी बाहीतूनच मनगटापर्यंत आलेल्या असतात. बंडीत त्या नसतात. त्यामुळे दोन फाटे असलेली वेगळी वायर घेऊन ती बाहेरच्या जॅकेटच्या बाह्यांतून कायमची ओवून ठेवावी लागते. नियंत्रक दोन स्वतंत्र बटणांचा घ्या, कारण धडाला आणि हातांना लागणारी ऊब क्वचितच सारखी असते. हातमोजे असे निवडा की तापणारे तंतू बोटांच्या पाठीवरून टोकांपर्यंत गेलेले असतील आणि तळवा पातळ असेल. हँडलच्या तापणाऱ्या मुठी फक्त तळव्याला ऊब देतात, तर वारा लागतो तो हाताच्या पाठीला. शिवाय त्या आणखी ३० ते ५० वॅट मागतात, म्हणून तुमच्या गाडीसाठी मी त्या सुचवत नाही. हातमोजे घट्ट नसावेत. घट्ट हातमोजा रक्त अडवतो, आणि आपण इतका वेळ जे बोललो ते सगळे रक्त बोटांपर्यंत पोहोचवण्यासाठीच आहे.

या कपड्यांमागचा अनुभव मोटारसायकलींपेक्षाही विमानांचा आहे. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या बॉम्बर विमानांतील सैनिक विजेवर तापणारे पोशाख घालत, आणि त्यांतल्या सुरुवातीच्या एका अमेरिकी पोशाखात तारा एकसर जोडणीत होत्या. एका ठिकाणी तार तुटली की पूर्ण पोशाख गार पडे. पुढच्या पोशाखांत समांतर जोडणी आली, म्हणजे एक भाग बंद पडला तरी बाकीचे तापत राहत. आजही खरेदी करताना एक हातमोजा काढून दुसरा तापत राहतो का, हे विचारून घ्यावे.

वापरताना सर्वांत मोठी चूक म्हणजे गारठेपर्यंत थांबणे. घरातून निघतानाच नियंत्रक मंद ठेवा आणि ऊब जेमतेम जाणवेल एवढीच वाढवा. गरमगरम वाटू लागले तर ते जास्त झाले आहे. जास्त तापलात तर घाम येईल आणि तोच घाम पुढच्या थांब्यावर थंडी वाजवेल. मंद ठेवल्यावर नियंत्रकाचा छोटा दिवा लुकलुकतो, तो बिघाड नसतो. नियंत्रक वीज क्षणभर सोडून क्षणभर तोडतो आणि या प्रमाणावरच सरासरी ऊब ठरते. उघड्या त्वचेवर ही वस्त्रे कधीही घालू नका. त्वचा ४४ अंशांच्या आसपासच्या तापमानालाही काही तास चिकटून राहिली तर भाजते, आणि ते सावकाश होत असल्याने वेळेवर कळत नाही. बोटे बधिर झालेली असताना हातमोजे पूर्ण क्षमतेवर लावणे तर विशेष धोक्याचे, कारण चटका बसल्याचे सांगणारी जाणीवच त्या वेळी नसते. कुठे ठिपक्यासारखी एकच जागा जास्त तापत असेल तर आतली तार दुमडली किंवा तुटत आली आहे, तेव्हा ते वस्त्र लगेच बंद करा.

तापणारी बंडी अपघातात तुम्हाला वाचवणार नाही. ते काम कोपर, खांदे आणि पाठ यांवर संरक्षक गाद्या असलेल्या बाहेरच्या जॅकेटचे आहे. आत नवा थर आल्यावर त्या गाद्या जागेवरून सरकतात का, हे गाडीवर बसून, हात हँडलवर ठेवून तपासा. दोन स्वेटरांऐवजी एकच घातल्याने उलट त्या अधिक नीट बसतील, असा माझा अंदाज आहे.

आणि दुसरा स्वेटर सीटखाली किंवा पाठीवरच्या पिशवीत ठेवा. वायर तुटते, फ्यूज जातो, प्लग अर्धवट निघतो, आणि हे सगळे घडते ते नेमके घर आणि काम यांच्या मधोमध. वीज पूर्ण बंद झाली तरी पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत तुम्ही शुद्धीत, सावध आणि ब्रेक लावण्याच्या स्थितीत पोहोचू शकाल, इतके कपडे नेहमी सोबत हवेत. अंगात न थांबणारी कापरे भरली, बोलताना शब्द अडखळू लागले किंवा ओळखीचे वळण चुकले, तर ती शरीराचे आतले तापमान घसरत असल्याची लक्षणे आहेत. त्या क्षणी गाडी बाजूला घ्या, वाऱ्यापासून आडोसा शोधा आणि घरी फोन करा. रस्त्यावर दव गोठण्याची शक्यता असलेल्या पहाटे मात्र कपडे कितीही उबदार असले तरी टायरला पकड मिळत नाही. तेवढे दिवस बसने जा, त्या दिवसांपुरते घरच्यांचे म्हणणे योग्य आहे, आणि बाकीच्या दिवसांबद्दल तुम्ही त्यांना हे पत्र दाखवा.

धुताना निर्मात्याची सूचना पाळा, पिळू नका आणि घडी घालण्याऐवजी हँगरला लावा. दरवर्षी थंडी सुरू होण्याआधी बंडीचा प्लग मल्टिमीटरने तपासा : साधारण ४५ वॅटच्या बंडीचा रोध तीन ते चार ओहमच्या दरम्यान यायला हवा, आणि मीटर काहीच दाखवत नसेल तर आत कुठेतरी तार तुटली आहे. मात्र काही कपड्यांच्या आतच नियंत्रक बसवलेला असतो, त्यांना ही चाचणी लागू पडत नाही. जोडणी पूर्ण झाल्यावर पहिली फेरी सुट्टीच्या दिवशी, उजेडात आणि ओळखीच्या रस्त्यावर मारा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर कुठे ताणली जात नाही ना ते पाहा, आणि जोड न सोडता एकदा मुद्दाम गाडीवरून उतरा. प्लग आपसूक सुटला तर सोमवारच्या पाळीला हे कपडे घालून निघायला हरकत नाही.